टिळकांचे नागपूर राहून गेले

आपल्या रविवार पुरवणीतील मराठी ख्रिस्ती साहित्यिकांवरील लेखात रेव्हरंड ना. वा. टिळकांना केवळ अहमदनगरचे धर्मोपदेशक म्हणून रंगवले आहे, ते एकांगी वाटते. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेण्यापूर्वी त्यांनी नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथकार्य केले होते. पुढे ख्रिस्तभक्तीही त्यांनी अभंगांतूनच गायिली, तेव्हा धर्मांतराने त्यांच्यातील मराठी कवीची संतपरंपरेशी असलेली नाळ तुटली नाही, हे लेखात यायला हवे होते. येशूच्या जीवनावरचे त्यांचे अपुरे राहिलेले महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ तर लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ अजूनही आत्मचरित्रांऐवजी धार्मिक पुस्तकांच्या कपाटात असतात.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ