शेवटचा ॲस्पार्टिक

ताळगाव, शनिवार

प्रिय वृंदा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, आणि आता लिहिते तेही कामापोटी. रागव, पण आधी शेवटपर्यंत वाच. घरी सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

आपलं १८ किलोडाल्टन वजनाचं एन्झाइम शुद्ध करायला कायटिनच्या कॉलमवर अडकायला हवं, ते तिथे राहतच नाही गो. त्याच्या मागे गायरेजचं इंटीन, म्हणजे प्रथिनातून स्वतःला कापून काढणारा तुकडा, आणि कायटिन धरणारा तुकडा, हे दोन मिळून २८. म्हणजे जेलवर ४६ ला एक जाड पट्टी हवी. पण पेशी फोडल्या फोडल्या, डीटीटीचा, म्हणजे बंध सोडवणाऱ्या थायोलचा, थेंबही न घालता, २८ आणि १८ दोन्ही लख्ख दिसतात आणि ४६ फिकट. १८ वालं पहिल्या धारेतच कॉलममधून निघून जातं, मागे उरते नुसती शेपटी.

पेशी फोडायच्या बफरमध्ये डीटीटी राहिलं असेल म्हणून बफर नवं केलं. फरक नाही. ३७ अंशांऐवजी १६ अंशांना रात्रभर वाढवलं, तर ४६ ची पट्टी थोडी गडद झाली, एवढंच. मग तुझं ट्रिस बफरवरचं भांडण आठवलं. पीएच ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला लावायचा, हे तू किती ओरडून सांगितलं होतंस! २५ अंशांना ८.५ लावलेलं ट्रिस ४ अंशांना ९.१ च्या आसपास जातं, आणि तेवढ्या पीएचला थायोएस्टर, म्हणजे एन्झाइम आणि इंटीनमधला गंधकाचा कच्चा बंध, पाण्यानेच तुटायला लागतो. बरोबर तूच होतीस. तेही सुधारलं. तरी तेच.

खरं कारण काल रात्री क्रम पुन्हा वाचताना दिसलं. आपल्या एन्झाइमचं शेवटचं अमिनो आम्ल ॲस्पार्टिक आहे.

तुला पायऱ्या पाठ आहेत, तरी लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकतंय ते तुला सापडेल. इंटीनचं पहिलं सिस्टीन आपल्या गंधकावर शेजारचा बंध उचलून घेतं, झाला थायोएस्टर. निसर्गात ती साखळी तिथून पलीकडच्या एक्स्टीनच्या, म्हणजे इंटीनच्या दुसऱ्या बाजूच्या तुकड्याच्या, पहिल्या अमिनो आम्लावर जाते, इंटीनच्या टोकाचं ॲस्पॅराजीन स्वतःभोवती वळून इंटीनला सोडवतं, आणि दोन्ही एक्स्टीन साध्या पेप्टाइड बंधाने जुळतात. १९९० मध्ये यीस्टमध्ये हे पहिल्यांदा दिसलं तेही असंच: ११९ किलोडाल्टनच्या एका साखळीतून ६९ आणि ५० अशी दोन प्रथिनं. आपण ॲस्पॅराजीनच्या जागी ॲलानीन घालून पुढचा रस्ता बंद केला, म्हणजे थायोएस्टरने आपण थायोल घालेपर्यंत थांबावं. पण त्याच्या अगदी शेजारी ॲस्पार्टिकचं कार्बोक्सिल बसलंय, आणि ते त्याला थांबू देत नाही. पेशीच्या आतच बंध सुटतो. तिथे प्रोलीन असतं तर उलट झालं असतं, डीटीटी घालूनही धड सुटलं नसतं.

उपाय एका प्रायमरचा आहे. ॲस्पार्टिकच्या पुढे एक टायरोसीन जोडायचं, या इंटीनला ते मानवतं. माझा जीव अडकलाय तो पुढच्या गोष्टीत. सुटलेल्या एन्झाइमच्या टोकाला तुझं पेप्टाइड जोडल्यावर सांध्यावर ॲस्पार्टिक, टायरोसीन आणि मग तुझं सिस्टीन येणार. एन्झाइमची शेवटची वळकटी (हेलिक्स) त्याच्याच दुसऱ्या रेणूला टेकते, असं तूच रचना बघून म्हणाली होतीस. टायरोसीन तिथे मावेल का? की मेथिओनीन बरं?

हे ठरेपर्यंत तुझं पेप्टाइड मी फ्रीझरमधून काढणार नाही. ६ मिलिग्रॅम उरलंय. १ मिलिमोलरला मिलिलीटरमागे जवळपास दीड मिलिग्रॅम लागतं, म्हणजे चारच प्रयत्न. त्या वेळी कॉलमवर डीटीटी नाही, ५० मिलिमोलर मेस्ना हे दुसरं थायोल वापरेन, म्हणजे सुटलेल्या एन्झाइमच्या टोकाला जोडणीजोगा थायोएस्टर राहील. आणि थोडं टीसेप, नाहीतर तुझी सिस्टीनं आपसातच लग्नं लावून बसतील. ट्रिस ४ अंशांवरच ८.५ करेन, शपथ. पावसात दर दुपारी वीज जाते, म्हणून कॉलम संध्याकाळी लावून सकाळी काढायचा बेत आहे.

तुझी बदली झाली का? रेवाला शाळा आवडली? चवथीला फोंड्याला या, माटोळी बांधायला माणसं कमी आहेत. येताना त्या रचनेचं शेवटच्या वळकटीचं चित्र आण, किंवा आधीच पाठव. प्रायमर सोमवारी मागवायचाय.

तुझी,
शैला