‘तरंगिणी’ची पितळी अक्षरं: काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या लाँचच्या छोट्या मॉडेलवर तिचं नाव चढलं. मागच्या फळीवर, पितळी अक्षरांत, ‘तरंगिणी’. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलून सोल्डरच्या तारेची जाडी विचारता, म्हणून हे लिहून, आणि तेही चारचौघांत. छोट्या मॉडेलसाठी पितळ घासत बसणारे आणखीही कुणी असतील, त्यांच्याही उपयोगी पडेल.

मूळ प्रश्न मी अगदी साधा विचारला होता. खऱ्या लाँचवरचं १५० मिलिमीटरचं अक्षर १:२४ च्या मॉडेलवर सव्वासहा मिलिमीटर भरतं. ते करवतीने कापावं की रसायनाने कोरून घ्यावं? तुम्ही दोन्हींपैकी काहीच सांगितलं नाहीत. उलट मलाच विचारलंत, “धरणार कशात?” तेव्हा वाटलं, काका टाळतायत. पण पुढचे सगळे महिने तोच एक प्रश्न कामाला आला. लहान वस्तू करणं फारसं अवघड नसतं, ती धरणं अवघड असतं. त्यामुळे तुकडा मोठ्या पत्र्याला किंवा सळईला जितका वेळ चिकटून राहील तितका राहू द्यायचा आणि सुटा करायचा तो सगळ्यात शेवटी.

देवनागरीत ही सोय आयतीच असते, हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ‘ग’चा हुकासारखा आकडा आणि त्याचा दंड यांना जोडणारी फक्त शिरोरेषा. ‘ण’चंही तेच. अक्षरं एकेक कापली तर ओळीत बसवताना जीव जाईल. अख्खं नाव शिरोरेषेसकट कापलं की ओळ आपोआप सरळ आणि अंतरं नकाशाबरहुकूम. शिरोरेषा दोन्ही टोकांना बोटभर लांब ठेवायला सांगितलीत, तीच मूठ झाली.

पत्रा तुम्ही ०.८ मिलिमीटरचा घ्यायला लावलात. करवतीच्या पात्याचे निदान दोन दात सतत धातूत हवेत, नाहीतर ते अडकून पातं तुटतं. ६/० क्रमांकाच्या बारीक पात्याला इंचाला सुमारे ७५ दात, म्हणजे या जाडीत दोनाहून थोडे जास्त. दात करवतीच्या मुठीकडे, काप खाली ओढताना. नकाशा कागदावर छापून पत्र्यावर चिकटवला. ‘ण’चं पोट आणि दोन्ही वेलांट्यांच्या कमानीखालची घरं बंद आहेत, तिथे अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून पातं ओवलं. आतली घरं आधी, बाहेरची कड नंतर. मग मागच्या बाजूला बारीक तारेच्या खिळ्या सोल्डर केल्या, आणि त्यानंतरच मुठी छाटल्या. वेलांटीची कमान कानसताना पत्रा थरथरतो, तेव्हा खाली लाकडाची चीप द्यायची. हे तुम्ही सहज बोलून गेलात, पण त्यावाचून ती कमान नक्की वाकली असती.

राहिला ‘रं’वरचा अनुस्वार. तो बिचारा कशालाच जोडलेला नाही. तो सळईच्या टोकावर लेथवर, म्हणजे सळई फिरवत कातणाऱ्या यंत्रावर, केला. पुढे टिंब, मागे बारीक शेपटी, आणि शेपटीसकट सळईवरून छाटला. फळीत भोक पाडून शेपटी आत दाबली. टिकली लावावी तसा बसला.

कठड्याचे खांब तर निव्वळ तुमच्या डोक्यातून आलेले आहेत. एक मिलिमीटरची तार आरपार जाईल असा वर गोळा हवा. गोल गोळ्यावर ड्रिल टेकवलं की घसरणार, हे कुणालाही कळतं. तुमचा क्रम उलटा: आधी भोक, मग गोळा. तीन मिलिमीटरच्या सळईला व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही-आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात, धरून आडवं भोक पाडायचं, आणि लेथवर त्या भोकाभोवती गोळा उतरवायचा. शिवाय ड्रिलची धार दगडावर जराशी मारायची, कारण पितळ धारदार ड्रिलला आत ओढून घेतं. आजवर कानावर आलेल्या सल्ल्यांत धार कमी करायला सांगणारा हा पहिलाच.

इंजिनावरची जाळी मात्र कोरूनच घेतली, तीही तुमच्याच सांगण्यावरून. सारखी शेकडो भोकं करवतीने पाडणं हा शहाणपणा नव्हे. कोरायचं रसायन, फेरिक क्लोराइड, खाली खातं तसं बाजूलाही खातं, म्हणून नकाशात रेघा जाड ठेवल्या. जाळ्या चौकटीला बारीक पट्ट्यांनी जोडलेल्या ठेवल्या, म्हणजे इथेही तेच तत्त्व. वापरून झालेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतायचं नाही, यावर तुम्ही जितका आवाज चढवलात तितका बाकी कशावरच नाही. बरं केलंत.

सफाईबद्दल एकच लिहितो, कारण ती चूक पुष्कळांच्या कामात दिसते. सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला फ्लक्स नंतर तसाच राहिला की हिरवट डाग उमटतात, म्हणून गरम पाणी-साबण, मग सायट्रिक अॅसिड. पण त्या वापरलेल्या अॅसिडमध्ये लोखंडी चिमटा बुडवला तर पितळेवर तांब्याचा लालसर थर चढतो. प्लास्टिकचा चिमटा वापरावा.

हे सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं सापडेलही. पण माझा नकाशा समोर घेऊन, कुठलं भोक आधी आणि कुठला काप नंतर हे माझ्याबरोबर तासन्‌तास बसून ठरवणारं माणूस सापडत नाही. ते तुम्ही केलंत. मनापासून आभार.

आता घंटा करायची आहे, तोंडाशी ८ मिलिमीटर. आतली पोकळी आधी कोरली तर डोकं सळईतच राहतं, पण मग डोक्यावरची कडी कोणत्या बाजूने करू? नकाशा सोबत जोडलाय. रविवारी सकाळी फोन करतो. तोवर सळई न छाटता लांबच ठेवली आहे.

आपला,
लाँचवाला