बाप्तिस्म्याचं, आणि बाबांना एक विचारायचंय

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाप्तिस्म्याचा विषय निघाला आणि बाबा एकदम गप्प झाले, मग आईने घाईघाईने पावसापाण्याचं काढलं, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच कळवते.

आधी सांगून टाकते, बाप्तिस्मा आम्ही करत नाहीयोत. त्या विधीत आईबापांना सगळ्यांसमोर विचारतात की बाळाला या श्रद्धेत वाढवणार ना, आणि तिथे उभं राहून खोटं हो म्हणणं मला जमणार नाही, तुमच्या जावयालाही नाही. पण आई, तू नोन्नांना, म्हणजे आमच्या आजेसासूबाईंना, हट्टी म्हणालीस ते मला लागलं गं. त्या बाळाचा बाप्तिस्मा का मागतायत ते तुम्हाला कळायलाच हवं.

नोन्नांचे वडील दक्षिण इटलीतल्या कापोसेले गावाहून इथे न्यूअर्कला आले. १९२४ च्या कायद्याने इटालियनांना अमेरिकेचं दार जवळजवळ बंदच झालं, ते त्याच्या आधी. गाव सोडताना आपण देव्हारा सोबत न्यावा तसा त्या लोकांनी आपला संत जेरार्ड इथे आणला. गरोदर बायांचा, बाळंतिणींचा संत. १८९९ पासून त्याचा उत्सव आहे, ऑक्टोबरमध्ये सेंट लूसी चर्चमधून मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते आणि लोक त्याच्या अंगावरच्या शालीला डॉलरच्या नोटा टाचतात. नवस बोलायचा, फेडायचा, सगळं अगदी आपल्यासारखंच. नोन्नांची पहिली मुलगी तान्हेपणीच गेली, मग त्यांनी नवस केला आणि माझे सासरे झाले, म्हणून त्यांचं नाव जेरार्ड. आणि तेच चर्चची पायरी चढत नाहीत.

सासरे अगदी लहान असताना, १९५० च्या दशकात, सरकारने झोपडपट्टी हटवायची म्हणून त्यांची ती वस्ती पाडली, घरं बेकऱ्या दुकानं सगळं गेलं आणि तिथे कोलंबस होम्सच्या उंच इमारती उभ्या केल्या, माणसं पांगली. त्या इमारतीसुद्धा १९९० च्या दशकात पाडल्या! चर्च तेवढं राहिलं. नोन्ना म्हणतात संताने चर्च वाचवलं. सासरे म्हणतात मग आमचं घर का नाही वाचवलं. हे भांडण मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, दर नाताळच्या आदल्या रात्री, त्या दिवशी मटण-चिकन नसतं, नुसते माशांचे प्रकार, आणि तळलेल्या माशाचं ताट फिरत असताना हे दोघं सुरू होतात.

मागच्या महिन्यात बाळ संध्याकाळभर रडत होतं तेव्हा नोन्नांनी खोल बशीत पाणी घेतलं, ऑलिव्ह तेलात बोट बुडवून थेंब थेंब सोडले. थेंब फुटून पसरला की दृष्ट लागलेली. ती प्रार्थना नाताळच्या आदल्या रात्रीच शिकवायची असते म्हणे, एरवी कुणाला सांगत नाहीत. सासरे दारातूनच ओरडले, माझ्या घरात हे चालणार नाही. नोन्नांनी मान वर केली नाही, ओठ हलतच होते, नव्वदी उलटलेला हात थरथरत होता पण थेंब बरोबर मधोमध पडत होता.

नंतर मी सासऱ्यांना विचारलंच, इतका राग का? ते म्हणाले माझी आई मला कधी मोकळी हसताना दिसली नाही, हसली की लगेच छातीवर क्रूस करायची, आता काहीतरी वाईट होणार म्हणून, आनंद म्हणजे जणू कर्ज, फेडावंच लागणार. आणि नोन्नांना विचारलं तर त्या म्हणतात माझी पोरं जगली, नातवंडं जगली, अजून वेगळा आनंद काय असतो? मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पूर्ण पटत नाही. नोन्नांची श्रद्धा म्हणजे नुसती भीती नाही, मेलेल्या लेकीवरची माया आहे त्यात. पण त्या भीतीत लहानपण गेलेल्या मुलाचं दुखणंही खरंच आहे ना. तुमचा जावई दोघांच्या मध्ये. देव मानत नाही म्हणतो आणि ऑक्टोबरात मूर्तीला खांदा द्यायला जातो.

नोन्नांना मी स्वतः नाही म्हणून सांगितलं. त्या रडल्या. मग बाळाच्या झबल्याला जेरार्डचं छोटं पदक आतून पिन केलं आणि मी ते काढणार नाहीये. आई, तू पाठवलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्याही घालते, बारसं तुम्ही आल्यावर तुमच्याच हातून. व्हिसाचं काम झालं की कळवा, जमलं तर ऑक्टोबरमध्येच या, नोन्ना तुझी वाट बघतायत.

आणि बाबा, सासऱ्यांना विचारायचं धाडस मला झालं, तुम्हाला मात्र इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. आजोबा गेले त्या वर्षापासून तुम्ही वारीला गेला नाहीत, तुळशीची माळ कपाटात ठेवलीत, आणि घरात आम्ही कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. इथे सासरीही सत्तर वर्षं नुसती भांडणं झाली, का ते कुणी कुणाला विचारलं नाही, म्हणून विचारतेय. का सोडलीत? फोनवर नको वाटलं तर लिहा, आईला न दाखवता लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
ताई