चि. मुक्तास, लिलावातल्या घराविषयी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर दोघांचेही आवाज चढले आणि बोलणे अर्धवट राहिले. बँकेने लिलावात काढलेल्या धायरीच्या फ्लॅटची बयाणा रक्कम सोमवारी भरणार असे तू म्हणालीस, म्हणून आजच लिहितो आहे. घर घेऊ नकोस असे माझे म्हणणे नाही. वाकडला भाड्याच्या खोलीत राहून, आमच्याकडे एक रुपयाही न मागता तू एवढे पैसे साठवलेस, हे मी सबनीसांना सांगत होतो तेव्हा तुझी आई हातातले काम टाकून ऐकत उभी राहिली होती.

तू पाठवलेली जाहिरात मी नीट वाचली. तिच्यात बँकेकडे केवळ सांकेतिक ताबा असल्याचे म्हटले आहे. म्हणजे दारावर नोटीस लागली, वर्तमानपत्रांत छापून आली, पण आत कर्ज थकवलेले कुटुंब अजून राहते आहे. बँकेला प्रत्यक्ष ताबा हवा असेल आणि ते आपणहून बाहेर पडले नाहीत, तर बँकांच्या कर्जवसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यांचा आदेश कायद्यातल्या मुदतीतच येईल असे धरून चालता येत नाही. कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला, तर तुझे पैसे अडकतील आणि घर मात्र हाती येणार नाही.

बँकेने सगळे तपासलेलेच असते, असे तू म्हणालीस. बँक तपासते ते स्वतःच्या वसुलीपुरते. हप्ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत, ठरते, मग ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग लिलाव. विक्री मात्र ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर होते. सोसायटीची थकबाकी, महापालिकेचा मिळकतकर, यांची चौकशी घेणाऱ्यानेच करायची.

पैशांचेही पाहा. राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान किंमत, ५२ लाख आहे. बोली तुझ्या नावावर सुटली, तर त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, बयाणा धरून, बोलीचे २५ टक्के, म्हणजे निदान १३ लाख भरावे लागतील. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळाली तरी सगळे मिळून तीन महिन्यांपलीकडे नाही. तोवर तुझे कर्ज मंजूर झाले नाही तर भरलेली रक्कम जप्त होते, आणि ती सगळी जप्त करणे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये योग्य ठरवले आहे. तुझी इतक्या वर्षांची बचत अशी जाऊ शकते. आणि समजा पैसे वेळेत भरले, तरी आत राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

पुन्हा मी शिकवण्याच्या सुरात गेलो. रागावू नकोस. कर्वेनगरच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी तुझी मैत्रीण शुभदा तुला आठवते का? त्यांच्या दारावर अशीच नोटीस लागली होती. खालचा कोपरा सुटला की शाळेतून येताना ती पोर तो अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवायची. नोटीस सुटून पडली तर बाबांना पकडून नेतील, असे तिला कोणीतरी सांगितले होते. त्या घराचा लिलाव झाला, आणि घेणाऱ्या गृहस्थांना किल्ली मिळेपर्यंत दोन्ही घरांचे जे हाल झाले ते आम्ही जिन्यातून ये-जा करताना पाहिले आहेत. तू त्या गृहस्थांच्या जागी उभी राहावीस, हे मला सोसवत नाही.

थकबाकी भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, तेव्हा आता त्यांच्या हाती फारसे काही नाही आणि तू घेतले नाहीस तर दुसरे कोणी घेईल, हे मलाही कळते. म्हणून एवढेच कर. शनिवारी ये. आपण दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा वकिलाकडून शोध घ्यायला सांगू आणि सोसायटीच्या सचिवांना भेटू. त्याआधी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र लिहून विचार की रिकामा ताबा बँक देणार का, कधी देणार, आणि न्यायाधिकरणात काही दावा चालू आहे का. उत्तर तोंडी घेऊ नकोस. ते आले की मला फोन कर, रात्र झाली असली तरी चालेल.

तुझे बाबा