आई, तू इकडे यायचं नाहीस. बाबा, ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही

एडिसन, न्यू जर्सी
२६ जुलै

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी कॉलवर मी नर्सिंगच्या प्रवेशाचं सांगितलं आणि बाबा एकदम गप्प झाले. आई, तू लगेच बाळूच्या खोकल्याची चौकशी केलीस. मला पुढे बोलताच आलं नाही. म्हणून आज पोरं झोपल्यावर सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबांनी मोठ्याने वाचायचं, आणि आई, तू मधे उठून गॅसकडे जायचं नाहीस.

प्रवेश पक्का आहे. पहिल्या सत्राची फी भरली, गणवेशाचं मापही देऊन आले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू होतील. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण इथे नर्सिंगला अर्ज ढिगाने येतात आणि जागा मोजक्या असतात. प्रवेश परीक्षेचे गुण आणि आधीच्या विषयांचे ग्रेड बघून यादी लावतात. यादीत नाव येईपर्यंत तुम्हाला घोर लावायचा नाही, असं मी आणि निखिलने ठरवलं होतं.

आता तुला काही गोष्टींचा उलगडा होईल, आई. मधे मी माझं लहानपणीचं लसींचं कार्ड मागितलं, तेव्हा तू ट्रंक उपसून त्या पिवळ्या पडलेल्या कार्डाचा फोटो पाठवला होतास. ते ह्यासाठीच हवं होतं. हॉस्पिटलमध्ये पाय ठेवण्याआधी गोवर, कांजिण्या, कावीळ-बी सगळ्याचा पुरावा द्यावा लागतो. कार्डावरचे शिक्के पुसट झालेत, म्हणून शेवटी रक्त तपासून अँटीबॉडी आहेत हे दाखवलं. क्षयाच्या चाचणीला तर माझ्या दंडावरचा बीसीजीचा वण आडवा आला. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी देतात, त्यामुळे कातडीत टोचून करायची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. इथे ती लस सरसकट देत नाहीत. मग त्यासाठीही रक्ताचीच तपासणी केली. सगळं व्यवस्थित आलं. आणि माझ्या मागच्या भिंतीवर सांगाड्याचा तक्ता बघून तू विचारलं होतंस ना, चिऊच्या शाळेचा का म्हणून? तो माझाच होता. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी हे विषय नर्सिंगच्या आधी पुरे करावे लागतात, आणि जुने गुण चालत नाहीत. ते मी रात्रीच्या वर्गांना जाऊन केले.

बाबा, तुम्हाला 'कम्युनिटी कॉलेज' म्हणजे एखादा क्लास वाटला असेल. तसं नाही. हे काउंटीचं सरकारी कॉलेज आहे, आपल्या जिल्ह्यासारखा तो भाग, आणि तिथे राहणाऱ्यांना फी कमी पडते. वय, लग्न, मुलं ह्यांची आडकाठी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या देशात नर्सेसचा मोठा तुटवडा पडला होता. तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मिल्ड्रेड मोंटॅग नावाच्या बाईंनी मांडलं की नर्सचं शिक्षण दोन वर्षांत, कम्युनिटी कॉलेजात देता येईल. १९५२ मध्ये त्यांनी काही कॉलेजांत ते करूनही दाखवलं. संसार असलेल्या बायकांना नर्सिंगचं दार उघडलं ते तिथून. दोन वर्षांनी जी परीक्षा देऊन परवाना मिळतो ती चार वर्षं शिकलेल्यांनाही तीच. संगणकावर असते, कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. आपलं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. पुढे नोकरी करता करता पदवीही घेता येते. पैशाचं म्हणाल, तर २०२३ च्या सरकारी आकडेवारीत इथल्या नर्सचं मध्यम वार्षिक उत्पन्न ८६ हजार डॉलरच्या आसपास होतं. निखिलचा पगार आहे, घर चाललंय, आम्हाला काही कमी नाही. पण एकाच्या नोकरीवर चार माणसांचा व्हिसा आणि चार माणसांचं पोट असलं की रात्री झोप लागत नाही, हे मी तुम्हाला फोनवर कधी बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, एम.एस्सी. केलंस, कुपवाडच्या एमआयडीसीत लॅबमध्ये चांगली होतीस, तेच काम तिकडे शोध. शोधलं, बाबा. इतकी वर्षं एच-४ व्हिसावर, म्हणजे निखिलच्या नोकरीमुळे बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, शिकायची परवानगी होती, कामाची नव्हती. वर्क परमिट हातात आलं तोवर मधली मोठी रिकामी वर्षं बघून कुणी मुलाखतीलाही बोलवेना. विलिंग्डन कॉलेजात शिकलेली केमिस्ट्री वाया गेली असं मात्र मनात आणू नका. औषधं शिकायची म्हणजे तीच केमिस्ट्री आहे, फक्त बाटलीऐवजी समोर माणूस आहे.

खरं कारण वेगळंच आहे, आणि ते तुम्हा दोघांना माहीत आहे. आजीच्या वेळची ती केरळची सिस्टर आठवते? डॉक्टर सकाळी पाच मिनिटं येऊन जायचे. दर दोन तासांनी आजीची कूस बदलायला तीच यायची, पाठीवरून हात फिरवून कुठे लाल झालंय का बघायची, मग चादरीची सुरकुती ओढून काढायची. आई, तू खाली फरशीवर चटई टाकून झोपायचीस. मी डबा घेऊन आले की ती मला स्वतःचं घड्याळ द्यायची आणि सलाईनचे थेंब मोजायला बसवायची. मला वाटायचं, मुलगी रडू नये म्हणून काहीतरी काम देतेय. आता तेच गणित माझ्या पुस्तकात आहे: एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, नळीतून एका मिलीलिटरचे १५ थेंब पडतात, तर मिनिटाला किती? एकतीस. औषधाच्या गणिताची वेगळी परीक्षा असते आणि तिच्यात पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावू देत नाहीत. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर माणसाच्या जिवावर बेततं. तू पहाटे म्हणून घेतलेले पाढे मला रोज उपयोगी पडणार आहेत, आई.

आजीच्या अंगाला शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. ते त्या सिस्टरमुळे.

म्हणून बाबा, तुम्ही रविवारी हळूच म्हणालात, "बेडपॅन वगैरे उचलावं लागेल का गं?" हो, उचलावं लागेल. अंघोळ घालावी लागेल, ओकारी पुसावी लागेल. पहिलं सत्र त्यातच जाणार आहे: हात कसे धुवायचे, पेशंट पलंगावर असतानाच चादर कशी बदलायची, रक्तदाब कसा मोजायचा. मला त्याची किळस वाटत नाही आणि कमीपणाही वाटत नाही. आपण मिरजेची माणसं. मिशनच्या डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं आणि पाठोपाठ नर्सिंगचं शिक्षणही सुरू केलं. कर्नाटकातून माणसं गाडी भरभरून आपल्या गावात बरी व्हायला येतात. ती नुसत्या डॉक्टरांवर बरी होत नाहीत, हे स्टेशनवर आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगायचं! गल्लीत कुणी काही बोललं तर बोलू दे. तुम्ही फक्त एकदा तोंडाने "कर" म्हणा.

पोरांची काळजी करू नका. चिऊ पहिलीत जाईल, शाळेची बस कोपऱ्यावर येते आणि शाळा सुटल्यावर तिथेच संध्याकाळी सहापर्यंत मुलांना सांभाळतात. बाळूचं पाळणाघर निखिलच्या ऑफिसच्या वाटेवर आहे. आठवड्यातले दोन दिवस निखिल घरून काम करतो, माझी हॉस्पिटलची ड्युटी त्याच दिवशी लावून घेता येते का ते बघते आहे. त्या दिवशी मला पावणेसातला वॉर्डात हजर राहावं लागेल. पोरांच्या वेण्या आणि डबे निखिल करेल. वेणी घालायला तो शिकलाय, जरा सैल होते पण शाळा सुटेपर्यंत टिकते. खाण्याचे हाल नाहीत. ओक ट्री रोडवर सगळं मिळतं, पोळ्यासुद्धा. रविवारी आमटी, उसळ, भाजीचं वाटण करून फ्रीजमध्ये ठेवते. आणि मेतकूट-भात-तूप दिलं की दोघंही ताट चाटूनपुसून खातात. थंडीत गाडीत बसायच्या आधीच आत ऊब येते, माझा जाडा कोट आहे, बर्फातले बूट आहेत. मी उपाशीही राहणार नाही आणि गारठणारही नाही.

एक गोष्ट आई, तुझ्या कानावर घालते. ड्युटीवर बांगड्या, लोंबते कानातले, लांब साखळी चालत नाही. जंतू अडकतात, आणि गोंधळलेला पेशंट गळ्यातलं ओढतो. त्यामुळे जाताना मंगळसूत्र देवापुढच्या वाटीत काढून ठेवीन आणि आल्यावर हातपाय धुऊन घालीन. निखिलला काही वाटत नाही. तूही वाटून घेऊ नकोस.

आता सगळ्यात अवघड ते. तू फोनवर लगेच म्हणालीस, "मी येते सहा महिने, मुलांना बघते." आई, तू यायचं नाहीस. माझ्या मनात काय आहे ते नीट समजून घे. तू हवी आहेस. बाळू झोपताना अजून "आजीची गोष्ट" मागतो आणि माझी त्याला पसंत पडत नाही. पण तुझे गुडघे इथल्या जिन्यांचे नाहीत, डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, आणि मी, निखिल, चिऊ सगळे बाहेर गेल्यावर तू दिवसभर खिडकीत बसून राहशील. तुला माझ्याकडे मोलकरणीसारखं राबवायला मी बोलवायचं? तू तुझा संसार केलास, आजीचं केलंस, आम्हा दोघांचं केलंस. आता सकाळी अंबाबाईला जायचं, भिशीला जायचं, बाबांशी भांडायचं. परवाना हातात आला की तुला हौसेने आणीन, फुलं बघायला, एप्रिलमध्ये.

आणि ह्या डिसेंबरात आम्हालाही येता येणार नाही. परीक्षा डिसेंबरच्या मध्यापर्यंत आहे आणि जानेवारीत लगेच पुढचं सत्र. पुढच्या जूनमध्ये येऊ, पोरांना पाऊस दाखवायला. चिऊने कृष्णेचा घाट फक्त फोटोत बघितलाय.

लहानपणी रात्री ड्युटीवर बोलवायला आलेल्या रेल्वेच्या कॉल बॉयची दारावर थाप पडायची, बाबा, आणि तुम्ही अंधारातच बुशशर्ट चढवून निघायचात. सकाळी तुमचा लाईन बॉक्स, ती ड्युटीची पेटी, परत दारात दिसला की मी आणि दादा पाय न वाजवता शाळेची तयारी करायचो. दिवसभर घरात कुजबुजत बोलायचो, आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. बाबा झोपलेत म्हणजे बाबा सुखरूप आहेत, एवढंच मला कळायचं. माझ्या पोरांना आई रात्रपाळीला गेली ह्याचं दुःख होईल, पण त्यांचं काही बिघडणार नाही. आमचं काय बिघडलं?

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं.

बाबा, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू तुम्ही माझ्या डिसेंबरच्या येण्यासाठी लांबवून ठेवलाय. ते आता बंद. दिवाळीच्या आधी करून घ्यायचा. दादाशी बोलले आहे, तो पुण्याहून रजा काढून येईल. ऑपरेशननंतर थेंबांच्या वेळा वहिनी कागदावर लिहून फ्रीजवर लावेल. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, खाली वाकून बादली उचलायची नाही. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळे. स्कूटर डोळा बरा होईपर्यंत बंद.

आई, रोज रात्री झोपताना तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. साखरेच्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेव, नाहीतर बाबांना बघायला सांग. गच्चीवर अनवाणी जायचं नाही. तीन महिन्यांची साखर दिवाळीआधी तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. उपवासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नाही. घाम फुटला, हात थरथरले की आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, मग बाकीचं. उशाशी डबी ठेव.

नदीचं पाणी वाढतंय अशी बातमी आली तर वाट बघत बसू नका, सरळ दादाकडे जा. कागदपत्रांची पिशवी वरच्या माळ्यावर आहेच.

रागावू नका ना. तुम्ही दोघं हौसेने हसलात तरच मला वर्गात बसायला धीर येईल. पोरांचा गोड पापा. दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
सोनी

ता. क. सप्टेंबरपासून रोजचा कॉल जमणार नाही. रविवारी इथल्या सकाळी आठला करीन, तेव्हा तुमचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेसहा. मधल्या वारी काही दुखलं-खुपलं तर रविवारची वाट बघायची नाही, रात्री-अपरात्री कधीही फोन करायचा. आणि मोतीबिंदूची तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा.