दगडातल्या ठोक्यांविषयी

पुणे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

फ्रेंच दिग्दर्शक मार्सेल कार्नेचा ‘ले व्हिझितर द्यु स्वार’ (संध्याकाळचे पाहुणे) पाहून तू जे लिहिलेस, त्यातले निम्मे मला मान्य आहे आणि निम्मे मुळीच नाही. चित्रपट संथ आहे, हे खरे. फ्रान्स जर्मन शत्रूच्या ताब्यात असताना किल्ले, सरदार आणि सैतान यांची कथा रंगवणे ही पळवाट होती, हा तुझा आरोप मात्र मला पटत नाही. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

चित्रपट १९४२ सालचा. झाक प्रेव्हेर आणि पिएर लारोश या पटकथाकारांनी कथा १४८५ च्या मे महिन्यात नेऊन ठेवली, कारण चालू काळाविषयी काही बोलायचे म्हटले की सेन्सॉरची कात्री तयारच असे. चित्रीकरण नीसच्या व्हिक्तोरीन स्टुडिओत झाले. दक्षिणेकडचा हा भाग तेव्हा जर्मनांच्या थेट ताब्यात आला नव्हता, पण जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारचे ज्यूविरोधी कायदे तिथेही लागू होते. त्यामुळे नेपथ्याची कल्पना ज्याची, तो आलेक्सांद्र त्रोनेर आणि गाण्यांच्या चाली ज्याच्या, तो जोझेफ कोस्मा या दोघा हंगेरियन ज्यूंना लपून काम करावे लागले. श्रेयनामावलीत नावे आली ती जॉर्ज वाकेविच आणि मोरिस तिरिए यांची. त्या दोघांनीही कामात वाटा उचलला होता, आणि आपली नावे पुढे करून सहकाऱ्यांना आडोसा दिला होता. ज्या चित्रपटाच्या नामावलीलाच असे लपावे लागले, त्याला पळवाट म्हणताना माझी जीभ अडखळते.

मेजवानीच्या प्रसंगाची एक हकीकत सांगितली जाते, ती तुला ठाऊक नसावी. अन्नटंचाईचे दिवस होते आणि गर्दीत उभी राहणारी माणसे खरोखरच भुकेली होती. टेबलावर मांडलेली फळे चित्रीकरणाआधीच फस्त होऊ लागली, तेव्हा त्यांत फिनॉल हे विषारी रसायन टोचून ठेवावे लागले म्हणतात. पुढे मोठी नटी झालेली सिमोन सिन्योरे याच गर्दीत कुठेतरी होती. पडद्यावरचा थाट पाहताना ही भूक आठवली, की किल्ल्याचा धनी असलेल्या बॅरनच्या दरबाराचे ऐश्वर्य वेगळेच दिसू लागते. तो पांढरा, कोरा करकरीत किल्ला तुला खोटा वाटला. मध्ययुगीन किल्ला म्हणजे शेवाळलेला आणि ढासळलेला, ही सवय आपल्याला अवशेष पाहून लागली आहे. १४८५ साली नवा बांधलेला किल्ला नवाच दिसणार! बेरीच्या ड्यूकसाठी चितारलेल्या पंधराव्या शतकातल्या प्रार्थनापोथीतले किल्लेही असेच पांढरेशुभ्र आहेत.

जादूच्या बाबतीत कार्नेने दाखवलेला संयम मला फार आवडतो. बॅरनची मुलगी आन आणि तिचा नियोजित वर रनो यांच्या वाङ्‌निश्चयाचे नृत्य चालू असते. सैतानाने पाठवलेले दोन भाट, जिल आणि दोमिनीक, आपले सावज हेरतात. नाचणारी जोडपी संथ होत होत जागच्या जागी थिजतात, आणि त्या थिजलेल्या गर्दीतून जिल आनला व दोमिनीक रनोला बाहेर बागेत घेऊन जाते. ना धूर, ना गडगडाट. पावले उचललेली, हात हातात दिलेले, आणि चेहऱ्यांवर मघाचेच शिष्टाचाराचे हसू. दोमिनीक झालेली, पुरुषवेषातली आर्लेती या प्रसंगात इतक्या थंडपणे वावरते, की सारे तिने रोजचेच काम उरकावे तसे वाटते. तिच्यापुढे आलँ क्युनीचा जिल मला तरी काहीसा ताठरच वाटला. प्रेमात पडल्यावरही तो कविता वाचून दाखवत असल्यासारखा बोलतो.

जिल खरोखरच आनच्या प्रेमात पडतो आणि सैतानाला स्वतः यावे लागते. वादळी रात्री किल्ल्यात आलेला ज्यूल बेरीचा सैतान फायरप्लेसमधल्या ज्वाळांशी जुन्या स्नेह्यासारखी सलगी करतो, तोंडभर हसतो, गोड बोलतो, आणि बोटांच्या नुसत्या हालचालीने माणसे एकमेकांच्या अंगावर घालतो. दोमिनीकपायी बॅरन आणि रनो द्वंद्वाला उभे राहतात आणि रनो मरतो. सैतानाचा हा खेळकरपणाच भीतिदायक आहे. तो भीषण आवाजात गरजला असता, तर आपण निर्धास्त झालो असतो.

आता शेवटाविषयी. आन सैतानाला वचन देते, की जिलला सोडलेस तर मी तुझी होईन. तो जिलला सोडतो, पण त्याची स्मृती पुसून टाकतो. मग आन शांतपणे सांगते, की मी खोटे बोलले. ही निष्पाप मुलगी खोटे बोलू शकते, हे खोटेपणाच्या त्या धन्याच्या हिशेबातच नव्हते. कारंज्यापाशी तिला पाहून जिलला सारे आठवते, तेव्हा चिडलेला सैतान दोघांचा दगड करतो. अहल्येच्या शिळेला रामाच्या पावलांची वाट पाहायची होती. इथे कोणी सोडवायला येणार नाही, आणि तशी गरजही नाही, कारण दगडात दोघांची हृदये धडधडतच राहतात. सैतान चाबकाने मूर्तींना झोडपतो आणि ठोके काही थांबत नाहीत.

सैतान म्हणजे हिटलर आणि ते हृदय म्हणजे फ्रान्स, असा अर्थ पुष्कळांनी लावला. पॅरिसला चित्रपट डिसेंबर १९४२ मध्ये लागला, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात जर्मनांनी दक्षिण भागही व्यापला होता. तेव्हाच्या प्रेक्षकांना तो अर्थ जाणवला असेल तर नवल नाही. मला मात्र हे रूपक फार सोयीचे वाटते. हिटलरला लाडीगोडीची गरज नव्हती, आणि सैतानाचे खरे बळ तर समोरच्याच्या होकारात आहे. बॅरन त्याच्यापुढे नमतो तो स्वतःच्या हव्यासापायी. आन नमत नाही, कारण तिला त्याच्याकडून स्वतःसाठी काहीच नको असते. त्या दिवसांत कोणी कोणाला होकार दिला आणि कशासाठी दिला, हाच फ्रान्सपुढचा प्रश्न होता, आणि प्रेव्हेरने तो चिलखते चढवून सेन्सॉरच्या नाकासमोरून नेला, असे मला वाटते.

तेव्हा चित्रपट पुन्हा पाहशील तेव्हा जिल आणि आनकडे थोडे दुर्लक्ष करून बॅरनकडे पाहा. फेर्नाँ लदूने त्या विधुराचे एकटेपण आणि दोमिनीकमागे निघतानाचा त्याचा आंधळेपणा फार बारकाईने दाखवला आहे, आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. त्यानंतरही तुझे मत तेच राहिले, तर कारणांसकट कळव. मी भांडायला तयार आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर