तुझ्याकडे जाणारी तुटक रेघ

प्रिय मित्रा,

किती महिन्यांनी लिहितोय तुला. फोन केला असता पण फोनवर मी "मस्त चाललंय" म्हणून मोकळा होतो, तुलाही माहितीय ते. गेले चार महिने मी ऑनलाइन थेरपी घेतोय. ताईला माहितीय, आणि आता तुला सांगतोय.

आईला पक्षाघात झाल्यापासून सगळं माझ्यावरच होतं, रात्री तीन-तीनदा उठायचं, सकाळी तसंच कामाला बसायचं, आणि एक दिवस तिला अंघोळ घालताना मी तिच्यावर इतका जोरात ओरडलो की ती घाबरून माझ्याकडे बघतच राहिली. तो चेहरा डोळ्यासमोरून जात नव्हता रे. त्याच रात्री अपॉइंटमेंट घेतली. आईला सोडून जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ऑनलाइन.

माझ्या थेरपिस्ट मॅडम क्लिनिकल सोशल वर्कर आहेत, म्हणजे थेरपीचं प्रशिक्षण घेतलेल्या सोशल वर्कर, वीस वर्षं हेच काम करतायत. सोशल वर्कर थेरपी कशी देणार असं मला आधी वाटलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं, औषधं त्या देत नाहीत, गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतील, आणि बोलणं आमच्यातच राहील, फक्त कुणाच्या जिवाला धोका वाटला तर नाही. दर वेळी आधी विचारतात, आत्ता कुठे बसलायत? मला ते विचित्र वाटायचं, मग कळलं की मधेच काही बरंवाईट झालं आणि कॉल कट झाला तर मदत कुठे पाठवायची हे माहीत हवं ना. मी गाडीत बसतो, इअरफोन लावून, ५० मिनिटं. स्वतःचा चेहरा दिसणारी खिडकी त्यांनी बंद करायला लावली, तेव्हा कुठे मला नीट रडता आलं. एकदा ऐन रडताना व्हिडिओ अडकला, ते मात्र फार वाईट होतं.

पीएचक्यू-९ म्हणून नैराश्य किती आहे ते बघायचा एक फॉर्म असतो, मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, असे. आकडा जितका जास्त तितका त्रास जास्त, २७ पैकी माझे १६ आले. पण माझं खरं काम झालं ते तिसऱ्या सेशनला. त्यांनी स्क्रीन शेअर करून मधोमध एक गोल काढला, आत मी आणि आई, भोवती ताई, ऑफिस, डॉक्टर, शेजारी, मित्र असे बाकीचे गोल. घट्ट नात्याला जाड रेघ, ताण असेल तिथे नागमोडी, विरळ झालेल्याला तुटक. याला इकोमॅप म्हणतात, ॲन हार्टमन नावाच्या सोशल वर्करने १९७५ मध्ये ही पद्धत काढली. मग बाण काढायचे, शक्ती कुठून कुठे जाते त्याचे. माझे जवळजवळ सगळे बाण बाहेर जात होते. मी इतके दिवस स्वतःला वाईट मुलगा समजत होतो आणि मॅडम शांतपणे विचारत होत्या, रात्री तुमच्या जागी दुसरं कोण उठू शकेल?

ताईला मी कधी विचारलंच नव्हतं. तिचा संसार, तिची मुलं, ती कशी येणार, हे माझं मीच ठरवून टाकलेलं. मॅडमनी ताईला मदत मागायचं वाक्य माझ्याकडून म्हणून घेतलं, त्या ताई झाल्या आणि मी मी, चार वेळा तरी अडखळलो. ताईला विचारलं तर ती म्हणाली, तू कधी बोलशील याचीच वाट बघत होते. आता आठवड्यातून दोन रात्री ती असते. मागच्या वेळी फॉर्मवर ९ आले. आईवर ओरडल्याचं अजून डोक्यातून गेलेलं नाही, त्यावर चालूय काम.

आणि त्या चित्रात तुझ्यापर्यंतची रेघ मी तुटक काढली. काढताना हात थांबला माझा. तुझे वडील गेले तेव्हाही मी दोन ओळींचा मेसेज करून गप्प बसलो होतो, चुकलंच माझं.

रविवारी दुपारी तीन ते चार आई झोपते. तेव्हा कर फोन, नाहीतर मीच करतो. मस्त चाललंय म्हणणार नाही या वेळी, आणि तूही म्हणू नकोस.

तुझाच